प्रॉम्प्टर : हे

ही गेल्याचं नाटकवाल्यांना कळलं तो दिवस गुरुवार होता. मला ते सोळा दिवस आधी कळलं होतं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि मी त्यांना विचारलं, "मग संध्याकाळची गोळी द्यायची की नाही?" डॉक्टर म्हणाले, "आता नको." त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही. ही हकीकत नाटकाची आहे.

हिचे कोणी नाटकवाले आहेत, हेच मुळात मला ठाऊक नव्हतं. लेकीने हिची पर्स माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच बघा. माझ्याच्याने होत नाही." आत चष्मा, बसचा पास, पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक पितळी चावी. चावीला गोल बिल्ला, त्यावर चारचा आकडा आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या समाजकेंद्राचा पत्ता. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. जप्तीचा माल आणि दुसऱ्याची चावी घरात ठेवायची नाही, हे अंगात मुरलेलं. संध्याकाळी सहाला मी चावी परत करायला गेलो.

चार नंबरच्या खोलीबाहेर तीन माणसं उभी होती. एक आडव्या बांध्याचा गृहस्थ भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. त्याच्या बाहीला पीठ लागलं होतं. दुसरी बस ड्रायव्हरच्या युनिफॉर्ममधली बाई. तिसरा किडकिडीत माणूस, हात इतके स्वच्छ की बघणाऱ्याला आपले खिशात घालावेसे वाटावेत. तो दातांचा डॉक्टर निघाला आणि झोपलेला बेकरीवाला.

"तुम्ही बाईंचे मिस्टर," ड्रायव्हरबाई म्हणाली. "तीन गुरुवार आम्ही या बोळात उभं राहून पाठ करतोय. चावी बाईंकडे, आणि दुसरी चावी केंद्र कोणाला देत नाही. बाई कुठे आहेत?"

मी सांगितलं. बेकरीवाल्याचे डोळे उघडले. डॉक्टरांनी माझं कोपर धरलं, पेशंटला खुर्चीत बसवताना धरत असावेत तसं. मग कोणीच हललं नाही, म्हणून बोळातला आपोआप चालणारा दिवा विझला. शेवटी बेकरीवाल्याने डोक्यावर हात हलवला आणि दिवा लागला.

इथे एक खुलासा. हे शहर परक्या देशातलं. लेकीची नोकरी इथे, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं आलो. इथली भाषा आम्हाला येत नव्हती. मी शिकायला घेतली आणि 'धन्यवाद' व 'पिशवी नको' या दोन गोष्टींवर थांबलो. हिने दुसरा मार्ग काढला. ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. जिथे जाईल तिथे मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी येणारा माणूस हुडकून काढायची. पाव आणायला गेली, बेकरीवाला सापडला. दाढ दुखली, डॉक्टर सापडला. बस चुकली, तर ड्रायव्हरबाई. अशी तीन डोकी जमल्यावर हिने समाजकेंद्रात खोली मागितली आणि इंग्रजी नाटकमंडळी सुरू करायची ठरवलं. मला वाटायचं ही गुरुवारी फिरायला जाते.

मंडळींचं बोलणं इंग्रजीत चाले. मी ते आपल्या भाषेत देतो, नाहीतर आमचं इंग्रजी तुम्हाला सोसावं लागेल.

खोली उघडून मी चावी टेबलावर ठेवली आणि निघालो. डॉक्टर म्हणाले, "मग नाटक कोण बसवणार?" मी म्हणालो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझे गुडघे दुखतात. मला लवकर जेवायची सवय आहे. मी सरकारी माणूस, अशा गोष्टी मला शोभत नाहीत. मी कारणं देत होतो आणि ती तिघं माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती. कोणी मध्ये बोलेना. शेवटी मीच विचारलं, "काय बघताय?"

"बाईंनी सांगून ठेवलं होतं," ड्रायव्हरबाई म्हणाली. "माझे मिस्टर कधी आलेच तर दहा मिनिटं नाही म्हणतील. त्यांना अडवू नका. अकराव्या मिनिटाला खुर्ची द्या. आता नऊ झालीत."

मी आणखी एक मिनिट नाही म्हणालो, कारण माणसाला काही स्वाभिमान असतो. मग बेकरीवाल्याने खुर्ची दिली.

डॉक्टरांनी हिची शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. नाटक हिनेच लिहिलेलं, इंग्रजीत, लाल शाईने. मास्तरणीच्या हातात दुसरी शाई टिकत नाही. गोष्ट साधी होती. एक पाहुणा दोन दिवसांसाठी म्हणून येतो आणि तीन वर्षं राहतो. घरमालक त्याला घालवायच्या नाना युक्त्या करतो, आणि घरमालकिणीला हळूहळू त्याची सवय होते. पहिल्या पानावर पात्रांची यादी मात्र मराठीत होती. पाहुणा : बेकरी. घरमालक : दात. घरमालकीण : बस. खाली चौथी ओळ.

"वरच्या तीन ओळी आमच्या, हे बाईंनी सांगितलं. ही चौथी कोणाची ते कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाईंना विचारलं तर नुसत्या हसायच्या."

मी वाचली. लिहिलं होतं, प्रॉम्प्टर : हे.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं तरी तेच होतं. ही शाळेत दर स्नेहसंमेलनाला मुलांचं नाटक बसवायची. तिने बसवलेलं एकही नाटक मी पाहिलेलं नाही. दर स्नेहसंमेलनाच्या वेळी माझा दौरा असे. काही दौरे खरेही होते.

अशा रीतीने मी नाटकात पडलो.

आमच्या वरच्या मजल्यावर आपल्याकडचेच एक गृहस्थ राहतात, मुलाकडे आलेले. जगात अशी गोष्ट नाही की जिचा त्यांना अनुभव नाही. म्हणून ही त्यांना 'अनुभवी' म्हणायची. त्यांना नाटकाचा सुगावा लागला तशी ते जिन्यातच बसले.

"नाटक ना? मला अनुभव आहे. आमच्या बँकेच्या नाटकात पडदा मीच ओढायचो. तुम्हाला सांगतो, नाटकात पडदा मुख्य. बाकीचे लोक आपापलं बोलत असतात."

"तो अर्ध्यात अडकला होता तेही सांगा," त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, वरून म्हणाल्या.

"अडकला नव्हता. मी अडकवला होता. प्रसंगाची गरज होती."

"मॅनेजरसाहेब आत पँट बदलत होते."

"तोच प्रसंग," अनुभवी म्हणाले.

मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. नाटक करायचं तर संस्थेची नोंदणी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेलो तेव्हा कळलं की ते बरंच झालं, कारण संस्थेला पाच सभासद लागतात. तिघं ती, चौथा मी, पाचवे अनुभवी. खिडकीमागचा कारकून हिरव्या स्वेटरातला, शांत, कागदाचे चारही कोपरे जुळवून मगच बोलणारा. त्याला इंग्रजी येत होतं. मला तो पाहताक्षणी आवडला. मी स्वतः एकतीस वर्षं लोकांना असंच छळलं आहे.

"संस्थेचा उद्देश?" त्याने विचारलं.

"नाटक करणे."

"ओळ भरत नाही. रिकामी जागा राहिली तर उद्या कोणीही त्यात काहीही लिहील."

मला ते पटलं. मी लिहिलं, 'नाटक करणे, व ते झाल्यावर पुन्हा करणे.' ओळ भरली. या ओळीने पुढे काय केलं ते पुढे सांगतो.

"लेखिकेची लेखी परवानगी?"

मी त्याला सांगितलं की लेखिका माझी पत्नी आणि ती आता नाही. त्याने चष्मा काढला, पुन्हा लावला. "मग वारसाची परवानगी लागेल."

"वारस मीच."

"संस्थेतर्फे ती घेणार कोण?"

"तेही मीच."

"हरकत नाही. दोघांनी माझ्यासमोर सह्या करायच्या. देणारा या खुर्चीत, घेणारा त्या."

मी या खुर्चीत बसून ओळखपत्र दाखवलं. देणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर वाटलं, समोरच्याची जरा चौकशी करावी. त्याला नाटकातलं काही कळत नव्हतं, गुडघे दुखत होते आणि बायकोचं एकही नाटक त्याने पाहिलं नव्हतं. तरी सही केली. मग उठून त्या खुर्चीत बसलो आणि पुन्हा ओळखपत्र दाखवलं. कारकुनाने या वेळी फोटो जास्त निरखून पाहिला. "चेहरा जुळतो," तो म्हणाला आणि शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला होता. हल्ली असे शिक्के बघायला मिळत नाहीत.

तालमी सुरू झाल्या. प्रॉम्प्टर हा प्रकार मंडळींना माहीत नव्हता. मी सांगितलं, आडोशाला वही घेऊन बसायचं आणि नट विसरला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं.

"म्हणजे पुढचा थांबा सांगायचा," ड्रायव्हरबाई म्हणाली. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

बाईची अडचण अशी की वीस वर्षं बस चालवल्यामुळे ती बोलताना समोरच्याकडे कधी बघत नसे. नजर सरळ रस्त्यावर, आणि फारच राग आला तर डोळे वर, जिथे आरसा असतो तिथे. घरमालकीण पाहुण्याला प्रेमाने वाढते तो प्रवेश ती भिंतीकडे बघून करायची. डॉक्टरांचं उलट. त्यांना उत्तर ऐकायची सवयच नव्हती. ज्यांच्याशी ते दिवसभर बोलतात त्या सगळ्यांची तोंडं उघडी असतात. त्यामुळे "तू कधी जाणार आहेस?" असं विचारून ते पाहुण्याला उत्तर द्यायला वेळच देत नसत, लगेच पुढचं वाक्य.

आणि बेकरीवाला. त्याच्यासारखा गुणी माणूस मी पाहिला नाही, पण त्याच्याइतकं कोणी मला रडकुंडीलाही आणलं नाही. तो पहाटे कणीक मळताना टेपवरचे धडे ऐकून इंग्रजी शिकला होता. टेपवरचा माणूस एक वाक्य बोलणार, थांबणार, आणि याने ते कणकेवर बुक्की मारत मोठ्याने म्हणायचं. बारा वर्षं. त्यामुळे कोणी हळू आवाजात काही बोलून थांबलं, की ते त्याच्या तोंडून ठणठणीत बाहेर पडे. पहिल्या तालमीत मी आडोशाआडून सांगितलं, "माझी पेटी कुठे आहे?"

"माझी पेटी कुठे आहे?" बेकरीवाला गरजला.

"छान. आता पुढे या," मी हळूच म्हणालो.

"छान. आता पुढे या," तो घरमालकाला म्हणाला. डॉक्टर पुढे आले.

"ते नाही, ते नाही."

"ते नाही, ते नाही," बेकरीवाला म्हणाला, आणि त्यात अशी काही व्याकुळता होती की ड्रायव्हरबाईने टाळ्या वाजवल्या.

मी त्याला समजावलं. त्याला सगळं पटलं. पुढच्या गुरुवारी मी खोकलो, तर तोही खोकला. शेवटी मीच ठरवलं की वहीत आहे त्याहून एक अक्षर जास्त तोंडातून काढायचं नाही. एकतीस वर्षं माझ्या नुसत्या चाहुलीने बाजारपेठ उभी राहायची, वाणी मापं पुसायला घ्यायचे. आता पाववाल्याच्या धाकाने मी शिंक दाबत होतो. वर दाराच्या घंटीचा आवाजही माझ्याकडेच दिला होता. मी "ट्रिंग" म्हणालो तर डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे, पण नोटीस बजावल्यासारखं वाटतं."

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "बाबा, म्हणून दाखवा ना घंटी." मी दाखवली. "खरंच नोटीस वाटते," ती म्हणाली. मला राग आला नाही असं नाही.

इथवर ठीक चाललं होतं. पण माणसाचा स्वभाव त्याच्याआधी पोचतो. आमच्या शेजारच्या पाच नंबरच्या खोलीत गुरुवारी वजन कमी करण्याचा वर्ग भरे. मी दोन खुर्च्या मागायला गेलो तेव्हा आत अकरा बायका एका वजनकाट्याभोवती उभ्या होत्या आणि प्रत्येकीला टाळ्या मिळत होत्या. काटा दिसल्यावर माझे पाय आपोआप त्यावर गेले. माझं वजन मला ग्रॅमपर्यंत माहीत असतं. मी खाली उतरलो आणि बोटांनी खुणा करत इंग्रजीत म्हणालो, "हा काटा दीड किलो कमी दाखवतो."

टाळ्या थांबल्या. एका बाईने पाय मागे घेतला आणि काट्याकडे असं बघितलं, जणू नवऱ्याच्या खिशात कोणाची चिठ्ठी सापडली आहे. वर्ग चालवणाऱ्या मॅडम पुढे आल्या. त्यांना इंग्रजी येत होतं. "आपण कोण?"

"वजनमापे निरीक्षक," मी म्हणालो. मग खरेपणासाठी, "निवृत्त."

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी तक्रार दिली : चार नंबरमध्ये तीन माणसं ओरडतात, एक म्हातारा घंटीचे आवाज काढतो, नाटक काही होत नाही, ती खोली आम्हाला द्यावी. केंद्राच्या चाव्या सांभाळणाऱ्या बाईंनी मला बोलावलं. बाई भली, कामापुरतं इंग्रजी येणारी, पण नियमाची.

"नव्या संस्थेने तीन महिन्यांत जाहीर कार्यक्रम केला नाही तर खोली दुसऱ्याला जाते. तीन महिने तुमच्या मिसेसनी चावी घेतली तेव्हापासून. म्हणजे उरले एकोणीस दिवस."

"आणि नाही झाला तर?"

तिने मागच्या फळ्याकडे बघितलं. फळ्यावर खडूने खोल्या, वार आणि नावं. गुरुवार, सहा वाजता, इंग्रजी नाटक, आणि पुढे हिचं नाव. ते हिने स्वतः लिहिलं असणार. शाळेतल्या फळ्यावर लिहायची तसं, अक्षर ओळीला धरून. "ते मी अजून पुसलं नाही," चावीवाली बाई म्हणाली. "मग पुसावं लागेल."

मी घरी आलो आणि लेकीला म्हणालो, "एकोणीस दिवसांनी आमचा प्रयोग आहे." आधी दहा मिनिटं नाही म्हणायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

आता एक मोठी अडचण, जी आम्ही सगळेच एकमेकांपासून लपवत होतो. नाटकाला शेवट नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'पाहुणा पेटी उचलतो. घरमालकीण त्याच्याकडे बघते. पाहुणा म्हणतो.' आणि त्याखाली मराठीत : 'शेवट ह्यांना विचारायचा.' ही मला विचारून कधी काही करत नसे. हे शहर, हे घर, दिवाणखान्याचा तो पिवळा रंग, सगळं मला झाल्यावर कळलं. आणि विचारायचं ठरवलं ते हे. ही ओळ मंडळींना मी सांगितली नाही. म्हणालो, शेवट लिहायचा राहिला आहे.

मग सभा झाली. डॉक्टर म्हणाले, पाहुण्याने जावं. किडका दात ठेवून कोणाचं भलं झालेलं नाही. ड्रायव्हरबाई म्हणाली, शेवटच्या थांब्याआधी कोणाला उतरवायचं नाही. बेकरीवाल्याने दोन्ही बाजूंना हात वर केला. अनुभवी म्हणाले, "मला अनुभव आहे. पाहुणा हा घरमालकाचा हरवलेला भाऊ निघतो, आणि वरच्या मजल्यावरचा एक समजूतदार गृहस्थ येऊन दोघांना चार गोष्टी सांगतो."

"आणि पडदा अडकतो," वहिनी म्हणाल्या. त्या सभासद नव्हत्या, पण दर सभेला हजर असत.

शेवटी ते काम माझ्यावर ढकललं. मी एका चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं, पाहुणा म्हणतो, "बरं, येतो मी." आणि जातो. वहीत नाही लिहिलं. वहीत पेन्सिल चालवणं मला जमलं नाही. चिठ्ठी शेवटच्या पानात ठेवली.

प्रयोगाचा गुरुवार उजाडला. घरमालकाच्या घरात सोफा हवा, आणि सोफा लेकीचा. मी आदल्या दिवशी सोफ्याची रुंदी मोजली होती, खोलीच्या दाराची मोजली होती. तीन सेंटीमीटर जागा शिल्लक राहत होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मापात कोणी खोट काढली नाही. बोळाला वळण आहे हे मी मोजलं नव्हतं. चार वाजता सोफा वळणावर असा बसला की पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हरबाईने त्याला आत घ्यायला तासभर खुणा केल्या. "डावीकडे कापा. आणखी. येऊ द्या, येऊ द्या. थांबा." सोफा तिचं ऐकून थेट पाच नंबरच्या दाराला आडवा जाऊन घट्ट रुतला. डॉक्टर म्हणाले, "आता हा उपटल्याशिवाय निघणार नाही," आणि सरकारी माणूस कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सहाला वजनाच्या वर्गाच्या अकरा बायका आल्या. त्यांच्या खोलीचं दार सोफ्यामागे. चावीवाली बाई म्हणाली, "आजचा दिवस चार नंबरमध्ये बसा." आमच्याकडे तोवर सात प्रेक्षक होते, त्यातली तीन लेक, जावई आणि वहिनी. आता अठरा झाले. मॅडम मात्र आत आल्या नाहीत. त्या बोळातच सोफ्यावर हाताची घडी घालून बसल्या. तिथून दारातून रंगमंच सगळ्यांत चांगला दिसत होता.

पडदा म्हणजे दोन चादरी आणि दोरी. अनुभव्यांनी खाकरून दोरी ओढली. चादर अर्ध्यात अडकली.

"प्रसंगाची गरज," ते मला हळूच म्हणाले.

गरज अशी की ज्या आडोशाला मी स्टूल टाकून बसलो होतो तोच उघडा पडला. कडेला वही घेऊन बसलेला मी सगळ्यांना लख्ख दिसत होतो. उठून जावं तर नाटक सुरू झालेलं. मी तसाच बसून राहिलो. लोकांना वाटलं, घरातले आजोबा असतील.

मी "ट्रिंग" म्हणालो. पहिला हशा तिथे आला. पाहुणा आला आणि नाटक चाललं. कसं चाललं ते मी सांगू शकत नाही, कारण माझं बोट ओळीवर होतं. पण खोलीत हसू फुटत होतं आणि बोळातून सोफा करकरल्याचा आवाज येत होता, म्हणजे मॅडमही हसत होत्या. डॉक्टरांच्या घाईला लोक हसले. बाई भिंतीकडे बघून बोलते त्याला तर फारच हसले. त्यांना वाटलं घरमालकीण नवऱ्यावर रागावली आहे. बेकरीवाला एकदाही अडला नाही. मी एकदाही खोकलो नाही. चाळीस मिनिटं मी हिचं नाटक पाहिलं, म्हणजे ऐकलं. ती विनोद कुठे करते ते मला आता कळत होतं. घरमालकाची बरीच वाक्यं ओळखीची होती. ती माझी होती.

शेवटचं पान आलं. पाहुण्याने पेटी उचलली. घरमालकीण भिंतीकडे बघत होती. बेकरीवाल्याने तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं. चिठ्ठी नव्हती. सोफ्याच्या धांदलीत कुठे पडली कोण जाणे. पेन्सिलीने काय लिहिलं होतं ते आठवेना. पानावर फक्त लाल शाई होती. शेवट ह्यांना विचारायचा.

मी महिनाभर जपलेला नियम मोडला. माझ्या तोंडून आपल्या भाषेत निघून गेलं, "अगं, मग विचारायचं होतंस ना."

मी थांबलो. बेकरीवाला ताठ झाला. त्याने पेटी छातीशी धरली, घरमालकिणीकडे वळला आणि बारा वर्षांच्या सरावाने, एक अक्षर इकडेतिकडे न करता, स्वच्छ मराठीत म्हणाला, "अगं, मग विचारायचं होतंस ना."

ड्रायव्हरबाईला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण तिने मान वळवली. पहिल्यांदाच ती समोरच्या माणसाकडे बघत होती. बघता बघता तिने त्याच्या हातातली पेटी घेतली आणि खाली ठेवली. डॉक्टरांचं आता काही वाक्य नव्हतं, तरी ते थांबले, उत्तराची वाट बघत थांबले, आणि मग त्यांनी पाहुण्यापुढे खुर्ची सरकवली.

अनुभव्यांनी दोरी ओढली. चादर सरकली.

"सरकला," वहिनी म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. मॅडमनी बोळातून वाजवल्या. लेक दुसऱ्या ओळीत तोंडाला रुमाल लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती मला मागे येऊन भेटली तेव्हा हसतच होती. "बाबा, आई असती तर तुम्हाला बोलली असती. प्रॉम्प्टरने आपल्या पदरचं घालायचं नसतं."

"तिला म्हणावं, येऊन बोल," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं बराच वेळ हसलो. जावईबापूंना मराठी येत नाही, तेही हसले.

चावीवाल्या बाईने मला बाजूला घेतलं. "कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं काम सगळ्यांत चांगलं झालं," ती म्हणाली. "काही न बोलता सगळं बोललात." आणि हातातला फळा पुसायचा फडका टेबलाच्या खणात टाकला. मॅडमनी काट्याचं विचारलं. मी म्हणालो, दुरुस्त करून देतो. त्या म्हणाल्या, एकदम नको, दर आठवड्याला थोडा थोडा करा. सोफा मात्र दुसऱ्या दिवशी पाय काढून न्यावा लागला.

आठ दिवसांनी नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. हिरव्या स्वेटरवाल्याने अभिनंदन केलं होतं आणि लक्षात आणून दिलं होतं की संस्थेच्या उद्देशात 'व ते झाल्यावर पुन्हा करणे' असं आहे, तेव्हा दुसरा प्रयोग बंधनकारक आहे. सोबत नाटकाची पूर्ण प्रत जोडावी, शेवटच्या पानासह. पानावर रिकामी जागा सोडू नये.

बेकरीवाल्याने ते वाक्य माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे. तो रोज पहाटे कणकेवर ते म्हणतो. पाव आणायला गेलो की मलाही म्हणून दाखवतो. मंडळींचं म्हणणं, तेच वाक्य वहीत लिहा. डॉक्टर माझं उत्तर येईपर्यंत थांबायला तयार आहेत, यावरून त्यांची किती प्रगती झाली ते दिसतं. अनुभव्यांचा हरवलेला भाऊ अजून शर्यतीत आहे. पण ते वाक्य मी हिला म्हणालो होतो, नाटकासाठी नाही. ते तिच्या नाटकात घालू का, हे मला तिला विचारायचं आहे.

फळ्यावर हिचं नाव आहे. लाल पेन मी आणलं आहे. दुसरा प्रयोग सहा आठवड्यांवर आला आहे, आणि वहीचं शेवटचं पान लिहायचं राहिलं आहे.